हिरव्याशेजारचा पांढरा

ताईने प्लेट उजेडाकडे धरली. प्लेटमध्ये औषधांच्या बारीक टिकल्या गोलाकार मांडलेल्या होत्या. जे औषध चालतं त्याच्या टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, तिथे स्वच्छ रिकामी जागा राहते. इथे एकाही टिकलीभोवती जागा नव्हती. हिरवट साय प्रत्येक टिकलीला बिनदिक्कत जाऊन चिकटली होती, आणि नमुना ताईच्या सख्ख्या धाकट्या भावाच्या पायाचा होता.

तिने प्लेट खाली ठेवली, हात धुतले, पुन्हा उचलली. पुन्हा बघितल्याने जंतू माघार घेतात असं नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या जंतूंच्या लॅबमध्ये तिने सारी नोकरी काढली होती. पाठीमागे लॅबमधले लोक तिला ‘गाळणी’ म्हणत, आणि ते तिला माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं. तिच्या हातच्या प्लेटवर एकच जात वाढायची. दोन जाती एकत्र दिसल्या की तिचं डोकं फिरायचं. ‘हा काय बाजार मांडलाय,’ म्हणायची. मग जो मुख्य गुन्हेगार दिसतोय तो सुईने उचलायचा, दुसऱ्या प्लेटवर एकटा वाढवायचा, औषधं त्याच्यावर तपासायची आणि पहिली प्लेट लाल पिशवीत. लाल पिशवी थेट जंतू मारायच्या वाफेच्या भांड्यात. सगळ्या लॅब असंच काम करतात, त्यात ताईचं वेगळं काही नव्हतं. फक्त इतर लोक ते काम म्हणून करत, आणि ताई रागाने करायची.

भाऊ ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर उजवा पाय तयार ठेवायचा, हाच त्याचा धंदा. बाकी तोंडाने काय, कोणीही शिकवू शकतं. अंगणात हा खाली उतरून दिशा सांगत होता, तेव्हा गाडी मागे घेताना एका नवशिक्याने चाक त्याच्याच उजव्या पायावर चढवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला तो हे रंगवून सांगत होता. “माणूस हुशार हो. शिकवलेलं विसरला नाही. घाबरलात की ब्रेक लावा, सांगितलं होतं. लावला. फक्त तेव्हा चाक माझ्या पायावर होतं.” पहिल्यांदा त्याची बायको हसली. नंतर बोटं काळी पडली, पट्टीवर हिरवा डाग यायला लागला आणि त्या डागाला गोडसर, नासक्या फळासारखा वास सुटला, तेव्हापासून तो हे सांगायला लागला की ती खिडकीबाहेर बघायची.

सर्जनने प्लेट बघायलाही मागितली नाही, ताईचा चेहरा बघितला.

“एकही नाही?”

“एकही नाही.”

“एक औषध उरतं, पण ते त्यांच्या मूत्रपिंडांना झेपायचं नाही. रक्ताचे रिपोर्ट तुम्ही बघितलेत.” त्याने खिशातून पेन काढलं आणि भावाच्या घोट्याच्या वर, लाली संपत होती तिथून चार बोटं सोडून पायाभोवती रेघ मारली. “ही लाली रेघेच्या खाली राहिली तर जखम साफ करत बसू. रेघ ओलांडली तर मी कोणाला विचारणार नाही. गुडघ्याखालून काढावा लागेल.”

भाऊ म्हणाला, “ब्रेकवाला पाय आहे, डॉक्टर. दुसरा कुठला चालत असेल तर बघा.”

 भावजयीने ताईकडे बघितलं. ताईला त्या नजरेची भीती वाटली, कारण त्या नजरेत विश्वास होता. घरात लग्न होऊन आल्यापासून ती ताईकडे असंच बघायची, म्हणजे ताईला सगळं येतं. ताप, शाळेचे प्रवेश, मिक्सर बंद पडणं, सगळं ताईंना विचारा. आता पाय.

ताई जिना उतरत होती तेव्हा तिला ती पहिली प्लेट आठवली, आणि ती कठडा धरून तिथेच उभी राहिली.

भाऊ दाखल झाला त्या दिवशीचा नमुना. प्लेटभर हिरवा जंतू वाढला होता, आणि कडेला एक बारीकसा पांढरा ठिपका. कोरडा, पिठाच्या कणासारखा. त्याच्याभोवती हिरवा नव्हता. स्वच्छ जागा होती, एखाद्या चांगल्या औषधाच्या टिकलीभोवती असते तशी. ताईने ते बघितलं होतं. बघून वैतागली होती. हवेतून काहीतरी पडलंय, माझ्या भावाच्या प्लेटवर आणि तेही माझ्या हातून, असं तिला वाटलं होतं. तिने घाईने लांबच्या टोकाचा हिरवा उचलला, प्लेट लाल पिशवीत टाकली आणि रिपोर्टात एकट्या हिरव्याचं नाव दिलं. त्या रिपोर्टावरून सर्जनने जखम कडक औषधाने धुवायला लावली. ते औषध हिरव्याने पचवलं होतं. पांढऱ्याने पचवलं असेल का, हे विचारायलाच कोणी शिल्लक नव्हतं.

 हवेतून पडलं नसेल तर? तो भावाच्या पायातलाच असेल तर? चार लोकांत वावरलेला, चिखलात उतरलेला पाय, त्यात काय काय राहत असेल. आणि तोच तिथे हिरव्याला अडवून बसला असेल, आणि आपण रोज सकाळ-संध्याकाळ त्यालाच धुऊन काढत असू तर?

तिने जखमेचा पुन्हा नमुना घेतला. नुसता हिरवा. मधून घेतला, कडेने घेतला, हिरवाच. मग पट्टी सुटली असताना तिचं लक्ष टाचेकडे गेलं. टाचेच्या मागे एक खोबण होती, तिथपर्यंत धुण्याचं औषध नीट पोचत नव्हतं. पुढची बोटं काळी होती, मधला भाग हिरवा-पिवळा, आणि या खोबणीतलं मांस मात्र गुलाबी होतं. तिने तिथे कापसाची काडी फिरवली. भाऊ कळवळला. “ताई, लहानपणी काटा काढायचीस तेव्हापण अशीच दुखवायचीस तू.”

“गप बस,” ती म्हणाली, आणि आवाज नीट निघाला म्हणून तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या प्लेटवर हिरव्याच्या जोडीला पांढरा होता.

आता शहाण्या माणसाने काय करावं? पण सवय काही झोपत नाही. ताईने पांढरा सुईने उचलला, वेगळ्या प्लेटवर नेला, जंतू वाढवायच्या रसात एकटा वाढवला, इतका शुद्ध की बघणाऱ्याने वाहवा करावी. मग त्याचा रस गाळून टिकलीवर घेतला आणि ती टिकली हिरव्यावर ठेवली. सकाळी येऊन बघते तर काही नाही. हिरवा टिकलीला चिकटून मजेत होता. तिने पांढऱ्याचा रस आणखी दाट करून बघितला. तरी काही नाही.

ताई स्टुलावर बसली. तिला खरंच भीती वाटली, लहान मुलाला वाटते तशी, कोणाला तरी हाक मारावीशी. म्हणजे पहिल्या प्लेटवर दिसलं ते काय होतं? भावाचा पाय वाचावा म्हणून आपण नसलेली जागा मनाने निर्माण केली? वर वॉर्डात लाली रेघेपासून बोटभर अंतरावर आली होती, आणि इथे ती पाण्यासारखा रस घेऊन बसली होती.

लॅबमधली मदतनीस लाल पिशवी घेऊन आली. टेबलावरची टाचेची प्लेट तिने उचलली. “ही टाकते, मॅडम. दोन्ही एकात एक मिसळलेत. तुम्हाला असलं बघवत नाही ना.”

“थांब,” ताई म्हणाली.

प्लेट एव्हाना चार-पाच दिवसांची झाली होती. पांढरा ठिपका तसाच बारीक होता. त्याच्याजवळ हिरवा सरकत आला होता, अगदी अंगावर यायला लागला होता, आणि मध्येच थांबला होता. दोघांच्या मध्ये स्वच्छ जागा. ताईने प्लेट तिरकी केली, भिंग लावलं. हिरव्याची कड तिथे विरघळल्यासारखी झाली होती. जागा तिच्या मनाने निर्माण केलेली नव्हती.

मग तिला उमगलं, आणि उमगल्यावर आधी स्वतःचा राग आला. एकट्या पांढऱ्याला कशाची फिकीर? खायला भरपूर, शेजारी कोणी नाही. तो स्वस्थ पसरला, त्याने काहीच बनवलं नाही. बनवायचं कशाला आणि कोणासाठी? हिरवा येऊन भिडला, अन्नाला आणि जिवाला घोर लागला, तेव्हा त्याने अंगातून ते विष काढलं. घाबरला असेल, असं ताईच्या मनात आलं. जंतूला घाबरता येत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी आलं. आयुष्यभर ती एकेका जंतूला एकटं कोंडून विचारत होती, तुला काय येतं ते दाखव म्हणून. त्याला जे येत होतं ते फक्त भांडणात येत होतं, आणि भांडण ती रोज वाफेच्या भांड्यात शिजवत होती. तिने त्याच दुपारी पांढरा आणि हिरवा एकाच रसात घातले. दुसऱ्या सकाळी तो रस गाळून टिकलीवर घेतला, आणि संध्याकाळपर्यंत टिकलीभोवती जागा दिसायला लागली. लहानशी, पण होती.

सर्जनने या वेळी प्लेट मागून घेतली. 

“हे कधी दिसलं तुम्हाला?”

“पहिल्याच दिवशी.”

“रिपोर्टात नव्हतं.”

“मी घातलं नाही. कचरा समजले.”

तो ओरडला असता तर ताईला सोसलं असतं. तो म्हणाला, “धुण्याचं औषध मी तुमच्या रिपोर्टावरून लावलं.” आणि मग, “हा पांढरा जखमेवर लावायचा म्हणताय का?”

ताईला हो म्हणायचं होतं.  “नाही,” ती म्हणाली. “तो रक्तात उतरला तर काय करेल, मला माहीत नाही. कोणालाच नाही.”

“आणि त्याने सोडलेलं जे आहे, ते?”

“ते वेगळं काढायचं, ओळखायचं, माणसाला विषारी आहे का बघायचं. वर्षं जातील.”

“मग माझ्याकडे काय मागायला आलात?”

“त्याला मारू नका. जखम साध्या मिठाच्या पाण्याने धुवा.”

सर्जनने खांदे उडवले नाहीत, मान हलवली. “कडक औषधाने तसाही फायदा दिसत नाहीय. ठीक. पण रेघ ती रेघ, मॅडम.”

भावजयीला ताईने सांगितलं, थोडं थांबून बघतोय. “तुम्ही म्हणताय ना, मग झालं,” भावजय म्हणाली. ताईला वाटलं, हिने जरा शंका घ्यावी, जरा वाद घालावा. तिने घेतली नाही.

पहिला दिवस लाली जागची हलली नाही. भाऊ म्हणाला, पाय हलका वाटतोय. ताईने स्वतःला बजावलं की यावर जायचं नाही, आणि तरी जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी दुपारी भावजय चहा आणायला खाली गेली. भाऊ डोळे मिटून पडला होता. ताईने चादर वर केली.

घोट्याच्या आतल्या बाजूला लाली रेघेच्या वर गेली होती. तांदळाच्या दाण्याएवढी.

तिने बोट ओलं करून तिथे घासलं. शाई पसरली असेल. पण शाई नव्हती, कातडी होती, आणि गरम होती. ताईने दाराकडे बघितलं. कोणी नव्हतं. तिच्या डोक्यात विचारांनी एकदम गर्दी केली. दाणाभर तर आहे. पांढऱ्याला वाढायला अजून वेळ हवा. टाचेचं मांस कालच्यापेक्षा गुलाबी दिसतंय. रेघ काय, हाताने मारलेली, थोडी खाली मारली असेल. संध्याकाळपर्यंत थांबलं तर. सर्जनला आत्ता बोलावलं तर तो विचारणारसुद्धा नाही, करवत घेईल. आणि या सगळ्यांखाली एक विचार होता तो तिला नीट ऐकू येत होता: पाय गेला तर तो माझ्या रिपोर्टाने गेला.

तिने चादर पायावर ओढली आणि कडा गादीखाली खोचल्या.

भावजय आली. ट्रे ठेवला. “कसं आहे?”

“आहे तसंच,” ताई म्हणाली.

भावजयीने एक कप तिच्या हातात दिला. दुसरा नवऱ्यासाठी बशीत ओतला आणि फुंकर घालायला लागली, पुन्हा पुन्हा, कारण त्याला गरम चालत नाही.  तिला दिसत होतं, हा माणूस पाय नसला तरी बशीतून चहा पिईल. आणि पायातलं हे विष रक्तात चढलं तर ही फुंकर ज्याच्यासाठी, तोच उरणार नाही. इतकी साधी गोष्ट होती आणि ती चादरीखाली खोचून बसली होती.

“ओलांडली,” ताई म्हणाली.

“काय?”

“रेघ. लालीने रेघ ओलांडली.”

“आत्ता?”

“तू चहाला गेलीस तेव्हा.”

भावजयीने बशी खाली ठेवली. तिने ताईकडे बघितलं, आणि त्या बघण्यात पहिल्यांदाच तो विश्वास नव्हता. मग ती उठली आणि नर्सला हाका मारत धावत गेली.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर ताईने तिला सगळं सांगून टाकलं. पहिली प्लेट, पांढरा ठिपका, लाल पिशवी. भावजयीने ऐकून घेतलं. मग ती बाकावरची आपली पिशवी उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

सर्जन बाहेर आला तो मास्क हातात घेऊन. “पुढचा अर्धा पाय काढला. गुडघ्याखालून काढणार होतो. पण टाचेचं मांस बघितलं, चांगलं होतं, घोट्याजवळची लाल जागा चिरून साफ केली आणि टाच ठेवली. टाचेवर उभे राहतील.” ताईने तोंड उघडलं तसा तो म्हणाला, “मला विचारू नका, मॅडम. तुमच्या पांढऱ्याने झालं, का तुम्ही वाट बघायला लावलीत म्हणून पुढचं जास्त गेलं, का दोन्ही. मला माहीत नाही.”

काढलेलं मांस स्टीलच्या डब्यातून लॅबमध्ये आलं. दुसऱ्या कोणाला देता आलं असतं. ताईने स्वतः केलं.  दोन्ही उगवले. या वेळी तिने सुई लावली नाही. दोघांना एकाच प्लेटवर राहू दिलं आणि मदतनिसाला सांगितलं, याला कोणी हात लावायचा नाही. भीती मात्र गेली नाही. पांढरा एकटा ठेवावा तर गप्प होतो, हिरव्याजवळ ठेवावा तर एखाद्या दिवशी हिरवा त्याला खाऊन टाकेल. रोज सकाळी कोट चढवायच्या आधी ती तेवढं बघून घ्यायची. दुसऱ्या मोठ्या लॅबला तिने नमुना पाठवला, त्यांनी उत्तर दिलं की असलेच आणखी मिसळलेले नमुने पाठवा. आयुष्यात तिच्याकडे कोणी असली घाण मागितली नव्हती.

भाऊ तापातून उठला. नर्सला सांगायला लागला, “आता अर्धा ब्रेक लागतो.” भावजय त्याच्याशी बोलायची, नर्सशी बोलायची. ताई आली की डबा धुवायला उठून जायची. ताईने माफी मागितली नाही. मागून काय उपयोग, पाय ती देणार होती का.

एका सकाळी ताई प्लेट उजेडाकडे धरून उभी होती आणि लॅबचं दार धाडकन उघडलं. दारात भावजय होती, धापा टाकत, चप्पल एकाच पायात. ताईच्या हातातली प्लेट निसटता निसटता राहिली.

“काय झालं त्याला?”

“त्यांना काही नाही,” भावजय म्हणाली. तिला दम खाऊन बोलावं लागत होतं. “शेजारच्या पलंगावर काल एक जण आणलाय. पाय चिरडलाय. आत्ता त्याची पट्टी सोडली, तर तोच वास आला. तोच गोड. मला ओळखू येतो.”

ताईने कापसाच्या काड्या आणि हातमोजे उचलले.  “जखम धुतली का त्याची?”

“अजून नाही. नर्स ते कडक औषध आणायला गेलीय,” भावजय म्हणाली. “म्हणून तर मी धावत आले.”